पाया पडतो, पण विचारतो का? वयभेद म्हणजे नेमकं काय, सोप्या भाषेत

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. आईला घेऊन बीपीच्या फॉलोअपला गेले होते. आई 76 वर्षांची, 34 वर्षं मराठी शाळेत शिकवलेली, त्यामुळे सगळं वहीत. एका जुन्या डायरीत लाल पेनाने रेघा मारून तारीख, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले, फक्त बाहेर गर्दी होती म्हणून घाईत. आईकडे बघून म्हणाले, "काय आजी, बरंय ना?" आणि तिचं उत्तर यायच्या आत माझ्याकडे वळून, "झोप लागते का त्यांना? जेवण जातं? गोळ्या वेळेवर घेतात ना?" मीही पटापट उत्तरं दिली, हो लागते, जातं, घेतात. पाच मिनिटांत बाहेर.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "रात्रीची गोळी मी दहा दिवस झाले घेत नाहीये. पहाटे उठलं की गरगरतं. वहीत लिहिलंय." मी म्हटलं, अगं मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "मला कोणी विचारलं?"

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्या खोलीत कोणीच वाईट वागलं नव्हतं. डॉक्टरांनी प्रेमाने आजी म्हटलं, मी अर्धी रजा टाकून गेले होते, पर्स सांभाळली, हात धरून पायऱ्या उतरवल्या, आणि तरीही जिच्या शरीराबद्दल बोलणं चाललं होतं ती समोर बसलेली असताना आम्ही दोघं तिच्याबद्दल "त्यांना" करून बोलत होतो, जणू ती शेजारच्या खोलीत आहे. आणि जी एकच गोष्ट डॉक्टरांना कळायला हवी होती तीच राहिली.

याला नाव आहे. जातिभेद, लिंगभेद म्हणतो तसा वयभेद. 1969 साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने इंग्रजीत यासाठी शब्द बनवला. तेव्हा वॉशिंग्टनजवळच्या चेव्ही चेस भागात एका इमारतीत कमी उत्पन्नाच्या वृद्धांना घरं द्यायचं ठरत होतं आणि तिथल्या खात्यापित्या घरच्या लोकांनी त्याला जोरदार विरोध केला. बटलर यांचं म्हणणं, हा विरोध फक्त पैशाचा किंवा रंगाचा नाही, यात म्हाताऱ्या माणसांबद्दलची वेगळी नकोशी भावना आहे. आपल्याकडे हे ऐकून कोणाला वाटेल की ते अमेरिकेत, आपल्याकडे नाही असं. मग एकट्या 70 वर्षांच्या बाईला किंवा माणसाला भाड्याने फ्लॅट शोधायला सांगून बघा. डिपॉझिट तयार, पेन्शन चालू, पोलीस व्हेरिफिकेशनला तयार, तरी मालक म्हणतो, "तसं काही नाही हो, पण उद्या काही झालं तर?" हे "उद्या काही झालं तर" म्हणजे चेव्ही चेसच आहे, फक्त आवाज मऊ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये यावर मोठा अहवाल काढला. त्यात वयभेद तीन थरांत सांगितलाय: आपण काय समजतो, आपल्याला काय वाटतं, आणि आपण काय करतो. समजतो की यांना मोबाईल जमणार नाही, मग वाटते कणव किंवा चीड, आणि मग हातातून मोबाईल काढून घेतो आणि स्वतःच करून टाकतो. 57 देशांतल्या 83 हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरून त्यांनी अंदाज काढला की जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात ज्येष्ठांबद्दल असे ग्रह आहेत. (त्याच अहवालात हेही आहे की वयभेद तरुणांच्या बाबतीतही होतो, "तू अजून लहान आहेस" हाही त्यातलाच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता आपल्याकडची खास अडचण काय, तर आपण मान देतो. खूप देतो. सणाला पाया पडतो, अहो-जाहो करतो, गणपतीच्या आरतीला पहिलं ताट त्यांच्या हातात देतो, कार्यक्रमात शाल-श्रीफळ देतो. त्यामुळे आपल्याला मनापासून वाटतं की आपण यांच्याशी वाईट वागूच शकत नाही. पण मान देणं आणि मत विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर विकायचं ठरतं, गावाकडच्या जमिनीचं ठरतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आणि कुठे ते ठरतं, इतकंच काय वडिलांनी दिवाळीला कुठल्या मुलाकडे राहायचं हेही भावंडांच्या ग्रुपवर ठरतं आणि मग त्यांना "सांगितलं" जातं. सांगताना आवाज गोड असतो म्हणून ते खटकत नाही. मला वाटतं आपल्याकडचा वयभेद ओळखायचा असेल तर तो शिव्याशापात शोधू नका, काळजीत शोधा.

भाषेत तर तो भरलेलाच आहे. साठी बुद्धी नाठी. पिकलं पान. म्हातारचळ. "हे काय वय आहे का?" 68 वर्षांच्या बाईंनी लाल रंगाची साडी घेतली, पोहायचा क्लास लावला, बायको गेल्यावर चार वर्षांनी कोणी सोबतीचा विचार बोलून दाखवला की लगेच आपण वय काढतो. आणि दुसऱ्या टोकाला लहान मुलांशी बोलतो तसं लाडिक बोलणं, "चला चला, आ करा बघू, शहाणं बाळ". आजारी माणसाला आधीच हतबल वाटत असतं, त्यात जन्मभर घर चालवलेल्या माणसाला बाळ केलं की त्याला काय वाटत असेल. हाक मारण्याचंही तसंच आहे. आजी-आजोबा ही आपल्याकडे मायेचीच हाक आहे, सगळ्यांना ती खुपते असं नाही, पण माझ्या आईला तिचे पन्नाशीतले विद्यार्थी अजून "बाई" म्हणतात तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. एकदा विचारायला काय हरकत आहे, तुम्हाला काय म्हणू?

बरं, हे ग्रह खरे तरी असतात का? थोडं शरीराकडे बघू, कारण इथेच खूप गैरसमज आहेत.

मेंदू. वयानुसार मेंदूचा वेग कमी होतो हे खरंच आहे. नाव आठवायला वेळ लागतो, एका वेळी चार गोष्टी सांभाळणं जड जातं. पण शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली पारख, माणसं ओळखणं हे साठी-सत्तरीतही छान टिकतं, शब्दांचं ज्ञान तर बऱ्याच जणांचं साठीपर्यंत वाढतच असतं. म्हणजे उत्तर उशिरा येतं, चुकीचं येतं असं नाही. आपण काय करतो, दोन सेकंद थांबतो आणि वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतो. आणि विसरभोळेपणा म्हणजे वय झालं, असं म्हणून सोडून देणं हेही धोक्याचं. डिमेन्शिया हा आजार आहे, वय नाही. भारतात 60 वर्षांवरच्या लोकांत त्याचं प्रमाण साधारण 7.4 टक्के असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला होता. म्हणजे शंभरातल्या 92 जणांना तो नाही, आणि ज्यांना आहे त्यांना "वयच झालंय" म्हणून घरी बसवलं तर तपासणीच होत नाही. नैराश्याचंही हेच. म्हातारा माणूस गप्प झाला, जेवण कमी झालं, टीव्हीसमोर नुसता बसून असतो, तर आपण म्हणतो शांत झालेत हल्ली. तिशीतला माणूस असा बसला असता तर आपण त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

कान. हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण रोजचं आहे. वयामुळे जेव्हा ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येतात. त्यामुळे त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाही. आपण मग ओरडतो. ओरडलं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, वर आपला चेहरा रागावलेला दिसतो. समोरचा माणूस दोनदा "काय?" म्हणतो, तिसऱ्यांदा लाजेने नुसती मान हलवतो, आणि आपण शिक्का मारतो की यांना काही कळत नाही. खरं तर करायचं एवढंच असतं की पंखा-टीव्ही बंद करायचा, समोर बसायचं, तोंडाला उजेड हवा, आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि सावकाश. न कळल्यास तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि कानाचं मशीन घ्यायला लाज वाटू द्यायची नाही, कारण ऐकू कमी येण्याकडे दुर्लक्ष करणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने घातलेलं आहे. चष्मा लावलेल्याला आपण आंधळा म्हणत नाही, मग मशीन लावलेल्याला बहिरा का म्हणतो?

हातपाय. "तुम्ही बसा, आम्ही करतो." हे आपलं सगळ्यात लाडकं वाक्य. सासऱ्यांच्या हातून भाजीची पिशवी काढून घेतो, आईला ओट्याजवळ येऊ देत नाही. पण न वापरलेले स्नायू झपाट्याने जातात आणि या वयात गेलेले परत मिळवायला फार कष्ट पडतात. पाय कमजोर झाले की तोल जातो, तोल गेला की पडायची भीती, भीतीने आणखी कमी चालणं. म्हणजे पडू नयेत म्हणून बसवून ठेवलं आणि त्यानेच पडायची तयारी केली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, जिन्यात बल्ब लावा, पण भाजी त्यांना आणू द्या की.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गोंधळ होतो. वयामुळे गरजा बदलतात हे मान्य करणं म्हणजे वयभेद नाही. रॅम्प, बाक, मोठी अक्षरं, लिफ्ट, बँकेत वेगळी रांग हे हवंच. गरज ओळखणं वेगळं आणि त्यावरून माणसाची लायकी ठरवणं वेगळं. रेशन दुकानात किंवा बँकेत अंगठा उमटत नाही हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. वयाने आणि आयुष्यभराच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी होते, मशीनला ठसा सापडत नाही. आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "आजी, नीट दाबा ना!" आजींनी नीटच दाबलेलं असतं. कमी मशीनमध्ये आहे, ऐकून आजी घेतायत. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा ओळखण्याची सोय 2021 मध्ये आली ती याच अडचणीतून मार्ग म्हणून, आणि ती घरबसल्या मोबाईलवर होते हे अजूनही कितीतरी पेन्शनरांना कोणी सांगितलेलं नाही, ते नोव्हेंबरात रांगेत उभेच असतात.

असेच आणखी काही हक्क आहेत. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलंय की 70 वर्षांवरच्या खातेदारांना रोख रक्कम देणं-घेणं, चेकबुक अशा सेवा घरपोच द्यायच्या. आरोग्य विम्यात 65 नंतर नवीन पॉलिसी मिळणं मुश्कील असायचं, कारण त्या वयापुढे पॉलिसी द्यायचं बंधन कंपन्यांवर नव्हतं, ती 65 ची रेघ एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने काढली. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड काढता येतं. आणि 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, ज्यात सांभाळायच्या अटीवर मुलांच्या नावावर केलेली मालमत्ता, मुलं सांभाळत नसतील तर, रद्द करून मागता येते. अर्ज प्रांत कार्यालयात, तिथे प्रांताधिकारीच न्यायाधिकरण चालवतात. फोनवर विचारायचं तर एल्डरलाइन, 14567.

एसटीत 75 च्या पुढे तिकीट नाही, 2022 पासून. 65 ते 75 अर्धं तिकीट. आणि याच प्रवासात मी कानांनी ऐकलंय, मागच्या सीटवरचा एक जण म्हणत होता, "फुकट झालंय म्हणून फिरतात, घरी बसायचं सोडून." समोरच्या आजोबांच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पिशवी होती, तालुक्याहून जिल्ह्याच्या गावाला चालले होते. पण समजा नसती ती पिशवी, समजा ते बहिणीकडे आंबे खायला निघाले असते, तरी काय बिघडलं? म्हाताऱ्या माणसाच्या प्रवासाला कारण लागतं, आपल्या प्रवासाला लागत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ऐकून ऐकून ते त्यांनाही खरं वाटायला लागतं. "आता आमचं काय राहिलंय", "आम्हाला काय कळतं बाबा", "तुम्ही ठरवाल ते". बेका लेव्ही या अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधक. 2002 मध्ये त्यांनी ओहायो राज्यातल्या एका गावातल्या 50 वर्षांवरच्या 660 लोकांचा अभ्यास मांडला. त्या लोकांना आधी कधीतरी, काहींना तर 23 वर्षांपूर्वी, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलेलं होतं. ज्यांना चांगलं वाटत होतं ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा यांचा हिशोब धरूनही फरक राहिला. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण कारणमीमांसा समजायला सोपी आहे: ज्याला वाटतं आपलं सगळं संपलं, तो व्यायाम कशाला करेल, गोळी कशाला घेईल, गुडघा दुखतोय हे डॉक्टरला कशाला सांगेल?

कौतुकातसुद्धा ही गडबड असते. मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव, तिथली आजीबाईंची शाळा तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. 8 मार्च 2016 ला सुरू झाली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. व्हिडिओखाली सगळ्यांच्या कमेंट्स एकच, "किती गोड!" मला त्या शब्दाचा त्रास होतो. त्या बायकांना पोथी स्वतः वाचायची होती, अंगठ्याऐवजी सही करायची होती. आयुष्यभर जे नाकारलं गेलं ते त्या उतारवयात मागून घेत होत्या, ही गोड गोष्ट नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. "या वयातही!" म्हणताना आपण नकळत सांगतो की या वयात अपेक्षा शून्य आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं ते 1936 मध्ये, वय 78. समता संघ काढला 1944 मध्ये, वय 86. त्यांच्या कामाचं मोजमाप कामावरून करायचं की वयावरून? आणि हो, प्रत्येक आजोबांनी कर्वे व्हायची काही गरज नाही. कोणी काही न करता गॅलरीत बसून पेपर वाचला तरी त्याचं मत विचारलं गेलंच पाहिजे.

मला विचारतात की मग खरंच जमत नसेल तर? फसवणुकीचे फोन येतात, खात्यातून पैसे जातात, तिथे लक्ष घालायचं नाही का? घालायचं. पण फसवले तरुणही जातात, त्यांचा मोबाईल आपण काढून घेत नाही. आईचं यूपीआय मी दोन वर्षं माझ्या हातात ठेवलं होतं, भाजीवाल्याला द्यायचे 40 रुपये असले तरी ती मला फोन करायची, आणि मी याला काळजी म्हणत होते. शेवटी तिनेच विचारलं, "हे माझेच पैसे आहेत ना?" आता तिच्या एका वेगळ्या छोट्या खात्यात चार हजार रुपये असतात, यूपीआय त्या खात्याला जोडलंय, पायऱ्या तिने वहीत लिहून घेतल्यात. पहिल्या आठवड्यात दोनदा पिन चुकला. मी शेजारी बसून होते, हात लावला नाही, फार अवघड गेलं ते मला. ज्यांना डिमेन्शिया आहे त्यांच्या बाबतीतही सगळं एकदम जात नाही, पैशाचे व्यवहार जमत नसतील पण कुठला सदरा घालायचा, चहा आत्ता हवा की नंतर, कोणाला भेटायचंय हे त्यांनाच विचारता येतं.

जाता जाता आमच्या सोसायटीचं सांगते. मीटिंग रात्री साडेनऊला असायची, सूचना फक्त व्हॉट्सॲपवर. ज्येष्ठ मंडळी यायची नाहीत आणि आम्ही म्हणायचो त्यांना इंटरेस्ट नाही. मे महिन्यात पाण्याची लाइन फुटली, प्लंबर दोन दिवस फरशा उकरत होता, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे काका, वय 81, खाली आले आणि जिन्याखालच्या कोपऱ्याकडे काठी करून म्हणाले, मेन वॉल्व्ह इथे आहे, 1989 मध्ये माझ्यासमोर बसवलाय. दोन दिवस ते वरून बघत होते. का नाही सांगितलं, तर म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगायला आलो होतो, सेक्रेटरी म्हणाले काका तुम्ही वर जाऊन आराम करा."

आता मीटिंग रविवारी सकाळी अकराला असते. खुर्च्या गोल, पंख्याखाली नाही, एका वेळी एकानेच बोलायचं. नोटीस कागदावर मोठ्या अक्षरात लिफ्टशेजारी लागते. पुढची 14 तारखेला आहे, नोटीस काल संध्याकाळी लावली आणि आज सकाळी काकांचा फोन, पार्किंगचा विषय सातवा का ठेवलाय, तोपर्यंत लोक उठून जातात, तो दुसरा घ्या. सेक्रेटरींना कळवलंय. दुसरा घेतलाय.